फ्लेक्सवरची शेवटची चौकट

सव्वीस नोव्हेंबरला सकाळी आठ वाजता मी कॉलेजच्या फाटकासमोर उभी होते आणि फाटकावर आमच्या शेजारच्या नानांना श्रद्धांजली वाहिलेली होती. नाना जिवंत होते. अडीच तासांनी ते त्याच फाटकातून आमच्या कार्यक्रमाला येणार होते.

हे कसं झालं ते नीट सांगायला हवं, कारण त्यात फ्लेक्सवाल्याची चूक थोडी आणि माझी जास्त आहे.

आमचं गाव पौडच्या वरच्या अंगाला, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आमच्या वस्तीत पंधरा-वीस घरं आणि मध्ये छोटंसं विहार. माझी आई पहाटे कंपनीच्या गाडीने माण गावाला जाते. तिथे आयटी पार्कच्या एका इमारतीत ती साफसफाईचं काम करते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजात कुणी काही काम सांगितलं की मला नाही म्हणता येत नाही. एकदा नाही म्हटलं तर पुन्हा कुणी विचारणार नाही, अशी भीती वाटते.

आमच्या कॉलेजात सव्वीस नोव्हेंबरला एकच कार्यक्रम दोन भागांत होतो. आधी संविधान दिनाचा, मग मुंबईवरच्या हल्ल्यात गेलेल्यांना श्रद्धांजलीचा. त्या वर्षी मराठीच्या सरांनी वर्गात विचारलं, "दरवेळी आपण इंटरनेटवरची माहिती वाचून दाखवतो. तुमच्या गावात, नात्यात कुणी आहे का, जे त्या वेळी तिथे होतं? पोलीस, अग्निशमन, अँब्युलन्स, कुणीही?"

वर्गात कुणी बोलेना. हल्ला झाला तेव्हा आमच्यातले बरेच जण अंगणवाडीतसुद्धा जात नव्हते. मी अर्धा हात वर केला. अर्धा केला की दिसला नाही तर बरं, असं माझं असतं. सरांना दिसला.

"आमच्या शेजारचे नाना," मी म्हणाले. "ते मुंबईला सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होते. त्या रात्री ड्युटीवर होते."

सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघायला लागला. असं पहिल्यांदाच झालं. मला ते आवडलं, हेही इथे लिहायला हवं.

नानांनी मला त्या रात्रीबद्दल एक शब्दही कधी सांगितला नव्हता. जे थोडं माहीत होतं ते नानीकडून. एका दुपारी मी तिला तांदूळ निवडू लागत होते, तेव्हा ती बोलता बोलता म्हणाली, "त्या राती ह्ये घरी आलंच न्हाईत. दुसऱ्या दिशी दुपारी आलं तर शर्टाची बटनं काढता येईनात त्यास्नी. बोटंच वळंनात. म्या काढली." मग ती उठली आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आली. त्यात नोकरीचे कागद होते आणि नानांचं दवाखान्यातलं जुनं ओळखपत्र. फोटो काळा-पांढरा, कोपऱ्यावर शिक्का. नाना त्या वेळी विहाराकडे गेले होते. मी मोबाइल काढला आणि ओळखपत्राचा फोटो घेतला. नानी म्हणाली, "कशाला गं?" मी म्हणाले, "असंच." तेव्हा ते खरंच असंच होतं.

आता नानांना कार्यक्रमाला आणायचं होतं. दर सव्वीस नोव्हेंबरला आमच्या विहारात संविधानाची उद्देशिका नानाच वाचतात. मुंबईत राहून त्यांची वाचायची सवय चांगली झाली आहे. ते प्रत्येक शब्दावर थांबतात, जणू तो खाली पडू नये. मी त्यांच्या ओट्यावर जाऊन म्हणाले, "नाना, आमच्या कॉलेजात उद्देशिका वाचायला याल का?"

ते इतके खूश झाले की मला पुढचं बोलवलंच नाही. "किती पोरं असत्यात? माइक असतो का हातात धरायचा? का उभा?" असं विचारत राहिले. आत डोकावून नानीला म्हणाले, "आगं, पांढरा शर्ट इस्तरीला टाक. कालेजात बोलावलंय मला."

श्रद्धांजलीचं मी सांगितलं नाही. माझा हिशोब सोपा होता. ते एकदा स्टेजवर आले की मी त्यांची ओळख करून देईन, त्या रात्रीबद्दल दोन शब्द बोला म्हणेन, आणि ते बोलतील. स्टेजवर माणसाला नाही म्हणता येत नाही, हे मला स्वतःवरूनच माहीत होतं.

फ्लेक्सचं काम माझ्याकडे होतं. भूगावातल्या एका दुकानात आम्ही नेहमी छापतो. तिथला दादा वाढदिवस, फ्लॅटच्या स्कीमा आणि दशक्रिया अशी तिन्ही कामं एकाच टेबलावर करतो. मी त्याला व्हॉट्सअॅपवर हुतात्म्यांचे फोटो पाठवले आणि त्याच दमात नानांच्या ओळखपत्राचाही. मजकूर लिहून पाठवला. वरती श्रद्धांजली, मध्ये "वीर हुतात्मे व इतर नागरिक", खाली प्रमुख पाहुणे म्हणून नानांचं नाव. "इतर" मी लिहिलं, कारण सामान्य माणसांचे फोटो कुठे शोधायचे ते मला कळलं नाही. पोलिसांचे पटकन सापडले होते.

नमुना माझ्या मोबाइलवर आला तेव्हा मी घरी जायच्या बसमध्ये उभी होते. स्क्रीनला तडा गेलेला. मी मजकूर मोठा करून एकेक अक्षर तपासलं. हुतात्मे बरोबर आहे का, श्रद्धांजली बरोबर आहे का. गावाकडची मुलगी म्हटलं की लोक आधी तिच्या शुद्धलेखनाकडे बघतात, असं मला वाटतं. निदान मी तरी त्याच धाकात असते. सगळी अक्षरं बरोबर होती. मी लिहिलं, "ओके दादा. छापा."

अक्षरं मी दोनदा तपासली. चेहरे एकदाही नाही.

म्हणून त्या सकाळी फाटकावर फोटोंची एक रांग होती. प्रत्येक चौकटीला छापील हार, मध्ये छापील समई, आणि रांगेत सगळ्यात शेवटी नाना. काळे-पांढरे, तरुण, कोपऱ्यावर शिक्का. खरं सांगायचं तर त्या रांगेत तेच सगळ्यात जास्त गेलेले दिसत होते.

मी आधी दादाला फोन लावला.

"ताई, तुम्ही सगळे फोटो एकदम टाकले," तो म्हणाला. "त्यात तो ब्लॅक अँड व्हाइट. मी काय समजणार?"

"अहो, खाली प्रमुख पाहुणे म्हणून नाव दिलं होतं ना!"

"नाव छापलंय की खाली. फोटो त्यांचाच आहे हे कुठं सांगितलं? आणि तुमचं ओके आहे बरं का माझ्याकडं."

"दुसरा छापून द्या ना, दादा. साडेदहाच्या आत."

"मशीनवर वाढदिवस चढलाय. दुपारपर्यंत उतरत नाही."

मी सरांकडे पळाले. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, फाटकापर्यंत आले, बघितलं आणि म्हणाले, "अगं, काय हे!" मग थोडं थांबून, "आता असू दे. प्राचार्य येतील, फाटक मोकळं बरं दिसत नाही. कार्यक्रम झाल्यावर काढू. पाहुण्यांना तू मागच्या गेटने आण. त्यांना दिसणार नाही."

मी मान हलवली. मान हलवायची मला सवय आहे.

तेवढ्यात मोबाइल वाजायला लागला. आमच्या गावातलं कुणीतरी गाडीवरून कामाला जाताना फाटकासमोर थांबलं होतं, आणि त्याने फ्लेक्सचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला होता. खाली ओळीने मेसेज येत होते. भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. हात जोडलेले. फूल. एकाने लिहिलं होतं, "काल तर दुकानात दिसले होते. माणसाचा काही भरवसा नाही." एकाने विचारलं होतं, "माती किती वाजता?" नाना गेले का, असं मात्र कुणीच विचारलं नव्हतं.

मी लिहिलं, "नाना ठीक आहेत, चूक झाली आहे." माझ्या मेसेजच्या खाली आणखी दोन भावपूर्ण श्रद्धांजली आल्या.

मग कल्याणहून नानांच्या लेकीचा फोन आला. तिला बोलताच येत नव्हतं. "माझे नाना... आईचा फोन लागत नाही... मला कुणी कळवलं पण नाही गं..."

"ताई, ताई, ऐका. नाना बरे आहेत. फ्लेक्सवर चुकून फोटो लागलाय. ते बसमध्ये असतील, कॉलेजात येतायत."

तिचं रडणं थांबलं. "तू बघितलंस त्यांना? आज?"

आज मी त्यांना बघितलं नव्हतं. मी सहाच्या बसने निघाले होते, त्यांच्या घराचं दार तेव्हा बंद होतं. मी काल संध्याकाळी बघितलं होतं, ते ओट्यावर बसून चपलेला पॉलिश करत होते.

"बघते आणि फोन करते," मी म्हणाले.

मी नानांना फोन लावला. त्यांच्याकडे बटणांचा छोटा फोन आहे, आणि बसच्या आवाजात त्यांना तो ऐकू येत नाही, हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी नऊ वेळा लावला. आठव्यांदा मला वाटायला लागलं, खरंच काही झालं असेल तर? सत्तर ओलांडलेला माणूस. आपण फोटो लावला आणि तसंच झालं तर? आम्ही शकुन-अपशकुन मानत नाही. विहारात लहानपणापासून तेच शिकलो. पण त्या वेळी कॉलेजसमोरच्या बसस्टॉपवर उभी राहून मी काय काय मानायला लागले होते, ते आता लिहायला लाज वाटते. प्रत्येक बस आली की मी खिडक्यांतून पांढरा शर्ट शोधायचे. एका बसमध्ये तीन पांढरे शर्ट होते, त्यातला एकही नानांचा नव्हता.

सव्वादहाच्या बसमधून नाना उतरले.

शर्ट कडक इस्तरीचा, चपला चमकत होत्या, हातात कापडी पिशवी. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी घाईघाईने म्हणाले, "नाना, इकडून जाऊ या. मागच्या बाजूला कँटीन आहे, आधी चहा घेऊ."

"च्या प्यायला आलोय व्हय मी?" नाना म्हणाले. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "येताना बशीत एक गावातला बाबा माझ्याकडं बगून उठूनच उभा ऱ्हायला. म्हनतो, नाना, तुमी हायत व्हय? म्हनलं, हाय की, का? तर त्यानं मोबाइल फुडं केला. मला चष्म्याबिगर काय दिसंना. म्हनला, तुमाला मारलंय कालेजवाल्यांनी. कुटं मारलंय बगू तरी."

आणि ते रस्ता ओलांडून थेट फाटकासमोर जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले. त्यांनी खिशातून चष्मा काढला, लावला आणि फ्लेक्स वाचायला सुरुवात केली. वरपासून. उद्देशिका वाचतात तसंच, प्रत्येक शब्दावर थांबत. मग रांगेतले चेहरे एकेक करून बघितले. शेवटच्या चौकटीपाशी आले.

"ह्यो फोटू डब्यातला हाय," ते म्हणाले.

"हो."

"नानीनं दिला?"

"नाही. तिनं डबा दाखवला होता. मी मोबाइलवर काढला. तिला सांगितलं नाही कशाला ते."

नाना म्हणाले, "मला तू वाचायला बोलावलं हुतंस."

"हो नाना. पण मला वाटलं, त्या रात्रीबद्दल पण तुम्ही... दोन शब्द..." पुढचं मला बोलता आलं नाही. मी एवढंच म्हणाले, "माझं चुकलं."

मी वाट बघत होते की ते आता वळतील आणि परतीच्या बसला जातील. ते गेले असते तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. पण ते फ्लेक्सकडेच बघत होते. त्यांनी बोट वर केलं.

"हितं लिवलंय, व इतर. ह्ये इतर कोन?"

"सामान्य नागरिक. त्यांचे फोटो मला मिळाले नाहीत."

"फोटू कुटनं मिळतील? मलाबी नावं न्हाईत म्हाईत. चिठ्ठ्या म्या बांधल्या."

फाटकासमोर रस्त्याच्या मोरीचा कठडा आहे. नाना तिथे जाऊन बसले. मी उभीच राहिले. फाटकातून मुलं आत जात होती, हसत होती, कुणी फ्लेक्सकडे बघत होतं, कुणी नानांकडे, आणि पुन्हा फ्लेक्सकडे.

"आमाला तितं समदे मामा म्हनायचे," नाना म्हणाले. "मामा ट्रॉली आना, मामा हिकडं या. त्या राती नुस्तं मामा, मामा, मामा. हात कमी पडलं. वऱ्हांड्यात दोन बाजू केल्या. एक दाराची, म्हंजे आत न्यायचे. एक भिंतीची, म्हंजे गेलेले. डाक्टर बगायचा, सांगायचा, आमी न्यायचो. भिंतीकडं न्हेला की मनगटाला चिठ्ठी बांधायची. नाव नसायचं. नंबर, आन अंगावर काय हाय ते. हिरवी साडी. एका पायात चप्पल. असं."

खिशातून रुमाल काढून त्यांनी कोरड्याच हातांवरून फिरवला.

"एक जन म्या डाक्टरला दाखवलाच न्हाई. गर्दी हुती. मला वाटलं, गेलाय. इतकी वर्सं नोकरी केली, मला कळतं असं वाटायचं. भिंतीकडं न्हेला. निळा शर्ट. चिठ्ठी बांदली आन फुडं गेलो. धा मिंटांनी त्याच अंगानं परत आलो, तर त्याची चिठ्ठी हालत हुती."

मी त्यांच्या शेजारी कठड्यावर बसले.

"वारं न्हवतं तितं," नाना म्हणाले.

"मग?"

"मग काय. उचलला आन पळालो. आत दिला. दार लागलं. बाहेर आनखी आल्यालेच हुते."

"वाचला का तो?"

"म्हाईत न्हाई."

"नंतर विचारलं नाही तुम्ही?"

"काय म्हनून इचारू पोरी? नाव न्हवतं. नंबर हुता, ती चिठ्ठी तर म्याच तोडून टाकली दारात. कुनी बगाय नगं म्हनून." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "नानीलाबी ठावं न्हाई ह्ये. तिला वाटतं, रगत बगून बोटं आकडली."

मग ते उठले आणि फाटकाकडे बघत म्हणाले, "चला. मला निदान सोताला खाली उतरता येतंय. शिडी कुटं हाय?"

शिडी शिपाई काकांकडे होती. काका म्हणाले, सरांनी कार्यक्रमानंतर सांगितलंय. नाना म्हणाले, "तुमी शिडी नुस्ती धरा, मी चढतो." शेवटी काकाच चढले. मी खालून ब्लेड दिलं. नाना खालून सांगत होते, "फाडू नका. नीट कापा. शेजारच्याला धक्का लावू नका." तेवढी एक चौकट हारासकट सुटून खाली आली. तिच्या जागी चौकोनी भोक राहिलं. त्यातून मागचा डोंगर आणि त्यावर अर्धवट उभी राहिलेली एक इमारत दिसत होती.

सर धावत आले. "अहो, असं भोक पडलेलं... प्राचार्य काय म्हणतील?"

"सर, जिता मानूस टांगन्यापरीस भोक बरं," नाना म्हणाले. सर हसले, मग हसायचं की नाही ते न कळून थांबले.

मी कल्याणला फोन लावून नानांच्या हातात दिला. "हां, बोल. मीच हाय. आगं हाय की, बोलतोय न्हवं का? कुनी न्हाई मारलं. पोरीची चूक झाली. रडू नगं. डबा झाला का तुजा? मग जा कामाला." मग त्यांनी नानीलाही फोन केला. नानीचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता. दोन बायका तिच्या दारात रडत आल्या होत्या, आणि ती त्यांना सांगत बसली होती की अहो, आत्ता तर भाकरी खाऊन गेलेत, भाकरी खाऊन माणूस कुठं मरतो का. शेवटी ती म्हणाली, "त्या पोरीला म्हनावं, डबा दाखवला ती माजी चूक झाली." नानांनी हे मला सांगितलं नाही, पण ते मी ऐकलं.

कार्यक्रम सुरू झाला. सूत्रसंचालन मी करत होते. माझ्या हातात कार्डं होती, सगळं लिहून काढलेलं. तिसऱ्या कार्डावर नानांची ओळख होती. "त्या काळरात्री जीव धोक्यात घालून ज्यांनी शेकडो जखमींची सेवा केली" असं मी लिहिलं होतं. शेकडो हा शब्द मी कुठून आणला होता कोण जाणे. नानांनी तो कधी उच्चारला नव्हता.

नानांनी उद्देशिका वाचली. हॉलमध्ये कुजबुज होती ती दुसऱ्या ओळीला थांबली. ते घाई करत नव्हते. "न्याय" म्हणून थांबले. "स्वातंत्र्य" म्हणून थांबले. "बंधुता" पाशी थोडं जास्त. मग कागदाची घडी घालून खुर्चीवर जाऊन बसले.

मग सर म्हणाले, "आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू. सर्वांनी डोळे मिटावेत."

सगळे उभे राहिले. मी डोळे मिटले, पण यानंतर तिसरं कार्ड होतं. मी डोळे उघडले. समोर दोन-अडीचशे मुलं डोळे मिटून उभी होती. माझ्या बाजूला नाना ताठ उभे होते, हात शिवणीला लावून, आणि त्यांचे डोळे उघडे होते. ते मुलांकडे बघत होते. नुसते बघत नव्हते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत होते. रांग संपली की पुढची रांग. दोन मिनिटं संपली तेव्हा ते शेवटून तिसऱ्या रांगेत होते.

सगळे बसले. सरांनी पहिल्या रांगेतून मला खूण केली. आता ओळख करून दे. त्यांनी हाताने बोलण्याची खूण केली, मग नानांकडे बोट दाखवलं. मी कार्डाकडे बघितलं. नाना माझ्याकडे बघत नव्हते. ते समोर बघत होते. मी विचारलं असतं तर ते उठले असते, हे मला माहीत होतं. पाहुणे म्हणून आले होते, माइक पुढे केला असता तर त्यांनी मोडता घातला नसता.

मी तिसरं कार्ड पाठीमागे घातलं. माइकमध्ये माझा श्वास मोठ्याने ऐकू आला. मी म्हणाले, "उद्देशिकेच्या वाचनाबद्दल नानांचे आभार. पुढचं गीत बी. ए.च्या विद्यार्थिनी सादर करतील."

सरांनी पुन्हा खूण केली. मी बघितलंच नाही असं दाखवलं. कॉलेजात मी सांगितलेलं काम केलं नाही असं ते पहिल्यांदाच. गीत संपेपर्यंत मी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी होते.

नंतर मी नानांना स्टॉपवर सोडायला गेले. त्यांनी कापलेली चौकट गुंडाळून काखेत धरली होती. म्हणाले, "सरपनावर घालायला व्हईल."

बस यायला वेळ होता. मला आभार मानायचे होते, माफी मागायची होती, आणि दोन्हीतलं एकही जमत नव्हतं. मी भलतंच विचारलं. "नाना, मौनात तुम्ही डोळे मिटले नाहीत."

"मिटाय जमत न्हाई मला," ते म्हणाले. "मिटलं की वाटतं, कुनीतरी हालायचं आन मला दिसायचं न्हाई."

बस आली. चढता चढता ते वळले. "मला आधी इचारायचं हुतंस." रागाने म्हणाले नाहीत. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

सरांनी नंतर विचारलं, तेव्हा मी एवढंच म्हणाले की नानांना बोलायचं नव्हतं. सर म्हणाले, तसं आधी सांगायचं. आधी मलाही माहीत नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. गावाच्या ग्रुपवर ज्यांनी श्रद्धांजली वाहिली होती त्यांनी संध्याकाळपर्यंत आपापले मेसेज काढून टाकले. मेसेज काढून टाकल्याच्या तेवढ्या खुणा ओळीने राहिल्या. नानी माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही. मग एके दिवशी तिने कुंपणावरून मला हाक मारली आणि निवडायच्या तांदळांचं सूप पुढे केलं. डब्याबद्दल आम्ही दोघीही काही बोललो नाही. तो डबा तिने मला पुन्हा दाखवलेला नाही.

त्यानंतरच्या सव्वीस नोव्हेंबरला मी कार्यक्रमात शेवटच्या रांगेत होते. सरांनी डोळे मिटायला सांगितलं. मी मिटले नाहीत.

हे सगळं लिहायचं मनात आलं तेव्हा मी आधी नानांकडे गेले. या वेळी पूर्ण सांगितलं. काय लिहिणार, कुणासाठी, त्यात चिठ्ठीचं येईल, निळ्या शर्टाचं येईल. ते म्हणाले, "बगू." दोन दिवस गेले. ते दोन दिवस मी त्यांच्या ओट्यासमोरून जाताना मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच बोलावलं. म्हणाले, "लिही. खरं तर आदी नानीला सांगाय पायजे हुतं. काल सांगितलं तिला."

"काय म्हणाली?"

"काय म्हनायचं. म्हनली, यवढी वर्सं येकट्यानं कशाला धरून ठिवलं." मग थोड्या वेळाने, "लिवून झालं की वाचून दाखव. नानीलाबी."

काल मी ओट्यावर बसून त्यांना हे वाचून दाखवलं. नानी दारात बसली होती. नाना डोळे उघडे ठेवून ऐकत होते. मी प्रत्येक शब्दावर थांबत होते. वाचताना अक्षरांकडे माझं लक्षच नव्हतं. मी त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघत होते.

संपल्यावर नानांनी एक वाक्य काढायला सांगितलं. ते मी काढलं आहे.